‘माह्याकडे तं दिसून राह्यले ना!’

गुरुकुंज मोझरीत पुण्यतिथी महोत्सवाचा पहिला दिवस. मामीच्या बचत गटाच्या स्टॉलवर एक काका थांबले. ज्वारीच्या पापडांची पिशवी हातात घेतली, उलटीसुलटी करून पाहिली, मग पाटीवरचा क्यूआर कोड दिसला म्हणून खिशातून मोबाइल काढला. मामी सावरून बसली. कोड स्कॅन झाला, पान उघडलं. काका बोट फिरवत राहिले. वर, खाली, परत वर. शेवटी मोबाइल मामीपुढं धरून म्हणाले, ‘‘ताई, यात तर काहीच नाही.’’

तसं सगळं होतं. नावं होती, भाव होते, ‘ऑर्डर द्या’ असं हिरवं बटणही होतं. फक्त जिथं फोटो हवेत तिथं पांढरे चौकोन होते, आणि प्रत्येकाच्या कोपऱ्यात तो फाटलेल्या चित्राचा बारका आयकॉन. तेवीसच्या तेवीस!

मामीनं माझ्याकडं पाहिलं, मी मामेभावाकडं. त्यानं मागच्या खुर्चीवरचा लॅपटॉप घेतला, तीच साइट उघडली. तेवीस फोटो, एकदम झकास. म्हणाला, ‘‘माह्याकडे तं दिसून राह्यले ना!’’

जगात जो जो वेबसाइट बनवतो, तो कधी ना कधी हे वाक्य बोलतोच म्हणे. त्या दिवशी ते ऐकून मामीचा चेहरा जो उतरला, तो मी विसरणार नाही.

कारण यात पैसे होते. फार नाही, पण त्यांचे होते. गटात बारा बायका. क्यूआर कोडच्या पाट्या, स्टिकर आणि पिशव्यांवरचे लेबल छापायला प्रत्येकीनं दीडशे रुपये काढले होते. ‘ऑनलाइन’ हा शब्द मामीच्याच पोरानं घरात आणला होता. तो अमरावतीला इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला, आणि ही त्याची पहिली खरीखुरी साइट. गटातल्या दोघी-तिघी आधीपासूनच म्हणत होत्या, ‘‘पोट्ट्यायच्या नादी नका लागू.’’ आता त्यांना आयतं कोलीत मिळालं.

महोत्सव पुढं ढकलता येत नाही, हे मोझरीबाहेरच्या वाचकांना सांगायला हवं. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी १९३५ साली इथं आश्रम उभारला, आणि ११ ऑक्टोबर १९६८ ला इथंच त्यांचं निर्वाण झालं. तेव्हापासून अश्विन वद्य पंचमीच्या सुमारास अमरावती-नागपूर हायवेवरचं हे एवढंसं गाव माणसांनी फुलून जातं. पालख्या येतात, दिंड्या येतात, खंजेरी वाजत राहते. शेवटी दुपारी ४ वाजून ५८ मिनिटांनी लाखो लोक एकदम गप्प उभे राहतात, मौन श्रद्धांजलीला. गटाच्या वर्षभराच्या विक्रीचा मोठा वाटा या आठवड्यात होतो. आमच्याकडं तेवढेच दिवस होते.

मामीनं पाटीवरच्या कोडवर पिशवी अडकवली, म्हणजे कुणी स्कॅन करू नये. आणि आम्ही दोघं स्टॉलच्या मागं बसलो.

पान वेगळं, फोटो वेगळा

मी मास कम्युनिकेशनची. कोडिंगमध्ये माझा ‘को’सुद्धा नाही. पण त्या आठवड्यात एक गोष्ट कळली आणि मग बाकीच्या आपोआप उलगडत गेल्या. ती म्हणजे, वेबपेजच्या आत फोटो नसतो. फोटोचा पत्ता असतो. ब्राउझर आधी पान आणतो, ते वाचतो, आणि ‘अमुक ठिकाणी फोटो आहे’ असं दिसलं की परत निघतो, तो आणायला. तेवीस फोटो म्हणजे तेवीस वेगळ्या फेऱ्या. वर्तमानपत्रात शब्द आणि फोटो एकाच कागदावर छापलेले असतात, त्यामुळं आपल्याला हे सुचतच नाही.

सुरुवातीच्या वेबवर तर चित्र मजकुराच्या मध्ये दिसायचंही नाही, वेगळ्या खिडकीत उघडायचं. २५ फेब्रुवारी १९९३ ला अमेरिकेतल्या मार्क अँड्रीसन यानं एक सूचना मांडली, की चित्रासाठी एक टॅग असावा आणि त्यात फक्त चित्राचा पत्ता लिहावा. त्याच वर्षी आलेल्या त्याच्या टीमच्या ‘मोझेक’ ब्राउझरनं ती पद्धत घरोघरी नेली. तेव्हा तो २१ वर्षांचा होता. (माझ्यापेक्षा एका वर्षानं लहान. असो.) आज तुम्ही बघता तो जवळपास प्रत्येक फोटो त्याच युक्तीनं येतो.

म्हणजे फोटो दिसत नसेल तर प्रश्न दोनच. पत्ता बरोबर आहे का? आणि त्या पत्त्यावर जे मिळतं ते खरंच फोटो आहे का?

भावाला हे ठाऊक नव्हतं असं नाही. पण घाबरलेला माणूस सरळ बघत नाही. तो पाऊण तास कोड इकडचा तिकडं करत होता. शेवटी मीच माझ्या मोबाइलवर एका पांढऱ्या चौकोनावर बोट दाबून धरलं. ‘इमेज नवीन टॅबमध्ये उघडा’ असा पर्याय आला. उघडली. फोटो नाहीच, पण वर पत्ता दिसला. त्याची सुरुवात होती ‘लोकलहोस्ट’.

भावानं कपाळावर हात मारला.

लोकलहोस्ट म्हणजे ‘हेच यंत्र’. तुम्ही ज्या यंत्रावर बघताय ते. साइट बनवताना सगळं त्याच्या लॅपटॉपवर चालत होतं, तेव्हा फोटो अपलोड झाले आणि डेटाबेसमध्ये पत्ते पडले ते तसेच. साइट सर्व्हरवर चढवली, पत्ते बदलायचे राहिले. तो स्वतः बघायचा तेव्हा त्याचाच लॅपटॉप आतून फोटो पुरवायचा. काकांचा मोबाइल मात्र काकांच्याच मोबाइलमध्ये पापडाचा फोटो शोधत होता.

मामीला समजवायला मी म्हटलं, ‘‘मामी, समज तू चिठ्ठीत लिहिलं, डबा आपल्या घरी फळीवर आहे. चिठ्ठी ज्याच्या हाती जाईल तो आपापल्या घरी फळी पाहील ना?’’ मामी म्हणाली, ‘‘मंग गावाचं नाव लिहा ना बावा!’’ नेमकं तेच करायचं होतं.

लहान-मोठं अक्षर

रात्री मामीच्या घरी बसून पत्ते बदलले, फोटो सर्व्हरवर चढवले. माझ्या मोबाइलवर पान उघडलं. ११ फोटो दिसले. आम्ही टाळ्या दिल्या. मग मोजलं, तर १२ अजून पांढरेच.

इथून पुढं अंदाजपंचे नाही करायचं, असं ठरवलं. लॅपटॉपवर क्रोममध्ये एफ-१२ दाबलं की एक वेगळी खिडकी उघडते. त्यात ‘नेटवर्क’ नावाचा कप्पा असतो. पान परत लोड केलं की ब्राउझरनं काय काय मागितलं आणि प्रत्येकाला काय उत्तर मिळालं, याची यादी समोर येते. २०० म्हणजे मिळालं. ४०४ म्हणजे या पत्त्यावर असं काही नाही. ४०३ म्हणजे आहे, पण तुम्हाला द्यायची परवानगी नाही. हा कप्पा सगळ्यांच्या ब्राउझरमध्ये असतो, फुकट असतो. वेबसाइट बिघडली म्हणून वैतागणाऱ्या प्रत्येकानं तो एकदा तरी उघडून पाहावा असं माझं मत झालंय.

आमच्या १२ पैकी ८ जणांपुढं ४०४ होतं. त्यातल्या सहांची गोष्ट सोपी निघाली. कॅमेऱ्यानं फाइलच्या नावाचं शेपूट कॅपिटल अक्षरांत ‘जेपीजी’ असं दिलं होतं, आणि भावानं यादीत ते लहान अक्षरांत लिहिलं होतं. विंडोज लॅपटॉपला यात काही फरक वाटत नाही. त्याच्या लेखी दोन्ही एकच. पण बहुतेक सर्व्हर लिनक्सवर चालतात, आणि लिनक्सच्या लेखी मोठं ‘ए’ आणि लहान ‘ए’ ही दोन वेगळी अक्षरं आहेत. लॅपटॉपवर चालणारी गोष्ट सर्व्हरवर मोडते, त्यामागं हे कारण फार वेळा असतं. पाच मिनिटांत सहा फोटो आले.

राहिले दोन. ‘वऱ्हाडी ठेचा’ आणि ‘वऱ्हाडी तिखट’.

हे दोघं काही ऐकेनात. फाइल सर्व्हरवर आहे, नाव बरोबर, शेपूट बरोबर. यादीतलं नाव आणि फाइलचं नाव एकाखाली एक ठेवून पाहिलं. काना, मात्रा, सगळं सारखं. तरी ४०४. रात्रीचे साडेबारा वाजले होते. मामा झोपेतून उठून पाणी प्यायला आले, म्हणाले, ‘‘काहून जागे हा रे अजून?’’ आणि परत जाऊन झोपले.

कोडं सुटलं ते नेटवर्कच्या यादीत पत्त्याचं कच्चं रूप बघितल्यावर. पत्त्यात मराठी अक्षरं आली की ब्राउझर ती टक्क्याच्या चिन्हांमागं आकडे-अक्षरं लावून पाठवतो. ती चिन्हं फाइलच्या नावाच्या कच्च्या रूपाशी ताडून पाहिली. एकात सुरुवातीच्या ‘व’नंतर शेवट ‘बी-वन’ होता, दुसऱ्यात ‘बी-झिरो’. म्हणजे अक्षरच वेगळं!

गोष्ट अशी. वऱ्हाड शब्दातला तो आडव्या मिशीसारखा अर्धा र, आपण शाळेत शिकलेला. कॉम्प्युटरमध्ये तो दोन तऱ्हेनं लिहिता येतो. एक, युनिकोडमध्ये ‘ऱ’ हे नुक्त्याचं वेगळं अक्षर आहे, क्रमांक ०९३१. त्याला हलन्त जोडायचा. दोन, साधा ‘र’, क्रमांक ०९३०, त्याला हलन्त आणि त्यापुढं एक न दिसणारं जोडचिन्ह. दोन्हींचा आकार पडद्यावर हुबेहूब सारखा. कोणता कीबोर्ड काय टाकेल, हे त्या कीबोर्डवर अवलंबून. हे दोन फोटो धूसर आले होते म्हणून शेजारच्या मुलीनं पुन्हा काढले होते आणि फाइलींना तिच्या मोबाइलवरूनच मराठी नावं दिली होती. भावानं यादीत तीच नावं लॅपटॉपवर टाइप केली. माणसाच्या डोळ्याला एकच शब्द, सर्व्हरला दोन.

मला हे कळल्यावर जरा विचित्रच वाटलं. ‘पुणे’ लिहिताना हा घोळ होत नाही. ‘मुंबई’, ‘नाशिक’ लिहिताना होत नाही. ‘वऱ्हाड’ लिहिताना होतो. आमच्या तालुक्यातल्या ‘कुऱ्हा’ गावाचं नाव लिहितानाही होणार. फोटोच नाही, कुठल्याही यादीत कुऱ्हा शोधायला गेलात आणि सापडलं नाही, तर ते गाव नाही असं नका समजू. कदाचित ते दुसऱ्या र नं लिहिलं असेल.

आणि मग माझी चूक

चार फोटो उरले होते. हे चार भावाच्या लॅपटॉपवर आधी कधी दिसलेच नव्हते, मी वर ‘तेवीस’ लिहिलं ते थोडं मसालेदार होतं. खरं म्हणजे एकोणीस दिसत होते आणि चार ‘नेट स्लो असेल’ म्हणून त्यानं सोडून दिले होते. ते चार फोटो मी दिलेले.

मी ते गुगल ड्राइव्हवर टाकले, शेअरची लिंक कॉपी केली आणि त्याला पाठवली. त्यानं फोटोच्या पत्त्याच्या जागी ती लिंक चिकटवली. नेटवर्कच्या यादीत या चौघांपुढं २०० होतं, म्हणजे ‘मिळालं’. पण प्रकाराच्या रकान्यात चित्राऐवजी एचटीएमएल लिहिलेलं. ड्राइव्हची शेअर लिंक म्हणजे फोटो नाहीच. ते फोटो दाखवणारं एक पान आहे, बटणांसकट. ब्राउझरनं फोटो मागितला आणि त्याला आख्खं पान मिळालं. बैलजोडी मागावी आणि कुणी बैलबाजाराची पावती हातात द्यावी, तसं. माझ्या वर्गातल्या निम्म्या लोकांनी पोर्टफोलिओ साइटवर हेच केलंय, मी नंतर विचारून पाहिलं.

फोटो डाउनलोड केले, सर्व्हरवर ठेवले. तीन आले. चौथा नाही. तो मैत्रिणीच्या आयफोनवर काढलेला संत्र्यांच्या टोपलीचा फोटो, मला सर्वांत आवडलेला. आयफोन २०१७ पासून फोटो ‘एचईआयसी’ नावाच्या प्रकारात साठवतो. जागा कमी लागते, पण क्रोमला तो प्रकार उघडता येत नाही. मला वाटलं, सोपं आहे, फाइलचं शेपूट बदलून जेपीजी करू. केलं. काही झालं नाही. नाव बदलल्यानं आतला माल बदलत नाही; तिखटाच्या डब्यावर साखर लिहून चहा गोड होईल का? फोटो रीतसर जेपीजीत बदलून घ्यावा लागला. तेव्हा आला.

पहाटे दोनला २३ फोटो, माझ्या मोबाइलवर, मामीच्या मोबाइलवर, आणि भावाच्या लॅपटॉपचा आतला सर्व्हर बंद करूनसुद्धा. इन्कॉग्निटो खिडकीतही तपासले, कारण ब्राउझर जुने फोटो स्वतःजवळ जपून ठेवतो आणि खोटा दिलासा देतो.

दुसऱ्या दिवशी मामीनं कोडवरची पिशवी काढली.

तिसऱ्या दिवशीची सकाळ

दुसरा दिवस बरा गेला. बरा म्हणजे, फोटो येत होते, पण रांगत. महोत्सवाच्या गर्दीत मोबाइलचं नेटवर्क कसं असतं ते मोझरीला आलेल्यांना सांगायला नको. आमचा एकेक फोटो चार-पाच एमबीचा. तेवीस फोटोंचं पान म्हणजे शंभर एमबीच्या आसपास! कोण थांबेल? दुपारी भावानं सगळे फोटो लहान केले, प्रत्येकी शंभर केबीच्या आत. मोबाइलच्या पडद्यावर फरक कुणाला कळला नाही. पान मात्र भराभर उघडू लागलं. हे आधीच करायला हवं होतं, पण ज्याच्या घरी वायफाय आहे त्याला हे सुचत नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी चहा घेऊन स्टॉलवर पोहोचले, तर मामी पिशवी परत कोडवर अडकवत होती. तेवीसच्या तेवीस पुन्हा गायब.

खरं सांगते, या वेळी भावाच्या डोळ्यांत पाणी आलं. रात्री कुणी काही बदललं नव्हतं. नावं होती, भाव होते, फोटो नव्हते. आणि एफ-१२ मध्ये सगळ्यांपुढं ४०४. त्या दोघी-तिघी काकू बोलायला लागल्या होत्या. मामी काही बोलली नाही, त्याचंच जास्त दडपण.

कारण हे होतं. साइट होती एका फुकटच्या होस्टिंगवर. अशा बऱ्याच ठिकाणी तुमचा सर्व्हर कुणी वापरत नसेल तर झोपवला जातो, आणि जागा होतो तो नव्या कोऱ्या पाटीसारखा. कोड परत येतो, कारण तो वेगळीकडं जपलेला असतो. डेटाबेसही वेगळा, म्हणून नावं-भाव शाबूत. पण साइट चालू झाल्यावर त्यात अपलोड केलेल्या फाइली तात्पुरत्या डिस्कवर असतात. त्या पुसल्या जातात. हे त्यांच्या माहितीपानावर लिहिलेलंही होतं. आम्ही वाचलं नव्हतं, एवढंच.

उपाय दोन होते. फोटो साठवण्यासाठीच असलेली वेगळी सेवा घ्यायची, किंवा फोटो कोडच्याच फोल्डरमध्ये ठेवून सगळं एकत्र चढवायचं. आमचे फोटो तेवीसच, रोज बदलणार नव्हते. भावानं दुसरा मार्ग धरला. अर्ध्या तासात झालं. मग त्यानं मुद्दाम सर्व्हर बंद करून परत चालू केला, माझ्यासमोर, तीन वेळा. हे मला फार आवडलं. दुरुस्त झालं असं वाटणं वेगळं आणि मोडून पाहणं वेगळं.

त्याच बसण्यात माझ्याकडं एक काम आलं. फोटोच्या टॅगमध्ये पत्त्याशिवाय आणखी एक जागा असते, ‘ऑल्ट’ म्हणतात. फोटो आला नाही तर तिथले शब्द दिसतात, आणि ज्यांना दिसत नाही त्यांचा मोबाइल तेच शब्द वाचून दाखवतो. भावानं ती जागा सगळीकडं मोकळी सोडली होती. मी तेवीस ओळी लिहिल्या. ‘उन्हात वाळवलेल्या मुगवड्या, पाव किलोची पिशवी.’ ‘हिरव्या मिरच्यांचा वऱ्हाडी ठेचा, काचेच्या बरणीत.’ इंटर्नशिपमध्ये फोटोओळी लिहायला कंटाळा करणारी मी, त्या दिवशी प्रत्येक ओळ दोनदा तपासत होते. पहिल्या दिवशी या ओळी असत्या तर ते काका निदान नुसते चौकोन बघून गेले नसते.

ऑर्डरी किती आल्या, हे लोक विचारतात. साइटवरून महोत्सवात सतरा आल्या. स्टॉलवरची रोख विक्री त्याच्या कितीतरी पट होती, त्यामुळं ‘डिजिटल क्रांती’ वगैरे मी लिहिणार नाही. पण सतरापैकी चार जणांनी दिवाळीत परत मागवलं, आणि मामीच्या मते गिऱ्हाईक परत येणं हेच खरं गिऱ्हाईक. पाट्यांचे दीडशे रुपये निघाले का, यावर गटात अजून दोन मतं आहेत.

शेवटच्या दिवशी, मौन श्रद्धांजलीची गर्दी ओसरल्यावर, भाऊ स्टॉलमागं बसून फाइलींची नावं बदलत होता. सगळी इंग्रजीत, लहान अक्षरांत, मध्ये जागा न सोडता, म्हणजे पुन्हा घोळ नको. मामी पापड मोजता मोजता डोकावली.

‘‘मंग वऱ्हाडीचं काय केलं?’’

‘‘इंग्रजीत लिहिलं आई. त्या र नं लय तरास देल्ला.’’

‘‘फाइलीत काय लिहाचं ते लिहा,’’ मामी म्हणाली, ‘‘पाटीवर वऱ्हाडीच राह्यलं पाह्यजे.’’ आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडं वळली.